बंदूक आमच्याकडे, काडतुसं दादूकडे

मुलुंडच्या टॉवरमधल्या राजेशने परवान्याचं नवंकोरं पिस्तूल दाखवायला शेजारच्या गुणाजीकाकांना घरात बोलावलं. काकांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"गोळ्या कोणाकडे ठेवतोस?"

"माझ्याकडेच. कपाटात."

"मग वाट लागली तुझी!" काका भडकले.

कुडाळजवळच्या त्यांच्या गावी रानडुकरं शेत उकरायची, म्हणून बाबांकडे बंदूक होती. पण काडतुसांचा डबा असायचा पलीकडच्या घरात, बाबांच्या चुलतभावाकडे, दादूकडे. दोन्ही एका छपराखाली नकोत, हे आजोबांनी ठरवलेलं. कायद्यात ते बसतं का, हे कोणी कधी विचारलं नाही. एकदा बांधावरून बाबांचं दादूशीच जुंपलं. बाबा बंदूक घेऊन तरातरा त्याच्या खळ्यात.

"दादू, काडतुसां दी!"

"कोणाक मारूक?"

"तुकाच!"

दादूची बायको आतून म्हणाली, "पयली च्या घेवा, मगे मारा."

बाबा बसले. कप रिकामा झाला तेव्हा दोघं भांडतच होते, पण बंदूक भिंतीला टेकलेली होती.

हे सांगताना काकांचा आवाज मऊ झाला. "राग सगळ्यांनाच येतो रे. मध्ये कोणीतरी लागतं."

"पण काका, इथे कोणाकडे ठेवू? ओळखतो कोणाला मी?"

"माझ्याकडे दे" म्हणायला काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होते, आणि राजेशच्या घरात ते आज पहिल्यांदा आले होते.