झोळीतल्या पुऱ्या

माझे मामा अमरावतीला मास्तर होते. लहानपणी मी त्यांच्याकडे राहिले. मुलींना शाळेत घेत नसत, म्हणून शाळेतली चारही पुस्तकं त्यांनी मला घरीच शिकवली. चौथी झाली असं मी म्हणते ते त्या हिशोबाने. पुढे लग्न झालं, आणि फार दिवस न जाता कपाळ पांढरं झालं. मग मी अकोटच्या बाजूला दादाकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे परत आले.

ते कापसाचे दिवस होते. तिकडे दूर कुठेतरी लढाई लागली होती, त्यामुळे इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि दादाच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. घरात रोज गव्हाची पोळी. मी कोणाशी बोलत नसे. पाहुणे आले की माजघरात जायची आणि हातात येईल ते वाचायची. वाचायला होतं तरी काय? तीच चार पुस्तकं.

आमचं घर महानुभाव पंथाचं. वर्षातून एकदा रिद्धपूरला जाणं व्हायचं. तिथल्या एका मठात एक म्हाताऱ्या बाई होत्या, लहानपणापासून संन्यास घेतलेल्या. त्या पोथीचा अर्थ सांगत तेव्हा मी खांबाआड बसून ऐकायची. पोथ्या गुप्त लिपीत होत्या. अक्षर पाहिलं तर आपलंच वाटे, वाचायला गेलं तर काहीच लागत नसे. ती लिपी कळली की शास्त्र, व्याकरण, जुन्या लोकांची चरित्रं, सगळं उघडतं असं बाई म्हणत. एका वर्षी सगळे जेवायला उठले तेव्हा मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "मले हे शिकवा."

एवढंच बोलायला मला दोन यात्रा लागल्या होत्या.

त्यांनी माझं वाचन घेतलं, अक्षर पाहिलं. "येते तुले," त्या म्हणाल्या. "पण आधी झोळी. एक महिना मागून खायचं. गाव ओळखीचं नको. दार निवडायचं नाई, घास निवडायचा नाई. जे पडंल ते एकत्र कालवून नदीवर खायचं. त्याच्याबिगर पोथीले हात नाई."

दादाला सांगितलं तेव्हा तो बैलांना सरकी घालत होता.

"शिकाले माही ना नाई," तो म्हणाला. "पण भीक काहून? माह्या घरी काय कमी पडून राहिलं तुले?"

"कमी काई नाई दादा. तिथली रीतच हाय."

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या तिले. दाराशी उभी राहून तोंडातून शब्द नाई निघाचा तिच्या. आठ दिसात येते वापस."

दादा हसला आणि बाईंनी नेमून दिलेल्या गावी त्याने मला स्वतः गाडीतून पोचवलं.

गाव माळ्यांचं होतं. वांगी, मिरच्या, झेंडू. पहिल्या दिवशी पहिल्या दारापुढे मी कितीतरी वेळ उभी राहिले. शेवटी हाक निघाली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. पण दार उघडलं. दुसऱ्या घरी जरा मोठी निघाली. पुढे पुढे मी गल्लीच्या तोंडाशी आले की बायका दारात उभ्याच असायच्या. मला वाटलं, माझा आवाज आता पोचायला लागला. नदीवर बसून मी एकटीच मोठ्याने काहीतरी म्हणून पाहायची. जन्मात पहिल्यांदा मला माझं काही आवडलं होतं.

झोळीत पुऱ्या पडायच्या, शिरा पडायचा. मला नवल वाटलं नाही. त्या वर्षी पुऱ्या सगळीकडेच होत्या.

महिना भरत आला तेव्हा बाई पाहायला आल्या. त्यांनी झोळीत हात घातला, एक पुरी काढून दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "रोज असंच?"

"हो."

त्या मला घेऊन पहिल्याच दाराशी गेल्या. तिथल्या माळणीला विचारलं, "तुमी काय खाल्लं आज?"

"भाकर अन् ठेचा. आमाले काय."

"मंग हिले पुऱ्या कुठून?"

माळीण माझ्याकडे पाहून हसली. तिला वाटलं मला ठाऊक असेल. "ह्यांचे दादा येऊन गेले ना पयल्याच दिशी. गहू ठेवले, तूप ठेवलं घरोघरी. म्हणे माह्या बहिणीले शिळं नका घालजा, अन् दारात ताटकळत नका ठेवजा, लाजते ते."

परत येताना बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे मागणं नोय, हे माहेरपण झालं," त्या म्हणाल्या. "महिना गेला वाया. पुन्हा करशील? पण तुह्या दादाले इकडची सारी गावं ओळखतात. त्याने शब्द द्यावा, मी पाठी येणार नाई म्हणून."

घरी येऊन विचारलं, तर दादाने शब्द दिला नाही. "अमरावतीच्या बाजारात मले लोक पुसतीन, बहीण भाकर मागते म्हणे तुही. काय सांगू?" आणि जरा थांबून म्हणाला, "म्या वाईट केलं काय तुहं?"

माझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. त्या संध्याकाळी मी परत आले म्हणून वहिनींनी गोड केलं होतं. सगळ्यांनी मला आग्रह केला.

पुढे लढाई मिटली आणि कापूस मातीच्या भावाने गेला. शेंब्या गेल्या, पोळी सणापुरती राहिली. एक दिवस दादा ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आता जातं काय रिद्धपूरले? आता कोणी नाई पुसत मले बाजारात."

बाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती लिपी बायकांना शिकवणारं त्या मठात दुसरं कोणी नव्हतं. हे दादाला माहीत होतं. बाई गेल्याची बातमी त्यानेच आणली होती.

मी म्हटलं, "भाकर थंडी होऊन राहिली, जेवून घे."