फळ्यावर नसलेली खानावळ

"इथे चांगलं जेवायला कुठे मिळेल हो?" हा प्रश्न मला दिवसातून पंधरा वेळा ऐकावा लागतो. मी स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर उभा असतो. माणसाच्या मागे खुर्ची आली की त्याला बसवायचं, दांडा खाली ओढायचा आणि डोंगरावर पाठवून द्यायचं, एवढंच माझं काम. सान्तियागोचे साहेब असोत की ब्राझीलची नवी जोडपी, तेवढ्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांना पोट आठवतं. मी तिकीटघराशेजारच्या फळ्याकडे बोट दाखवतो. फळ्यावर अकरा नावं आहेत. पिझ्झा आहे, जुन्या बसमध्ये बर्गर आहे, समुद्र चार तासांवर असूनही कच्चा मासा आहे. आमच्या या पिनिकुरा गावातलं सगळ्यात चांगलं जेवण ज्या घरी मिळायचं ते घर मात्र फळ्यावर नाही. आता तिथे स्की भाड्याने मिळतात. हे कसं झालं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते मीच केलं.

एल्सिरा पाइनेमाल सतराव्या वर्षी खालच्या खोऱ्यातून इथे आली ती भांडी घासायला. तेव्हा डोंगरावर लिफ्ट नव्हती. स्की करणाऱ्यांसाठी एकच लाकडी विश्रामगृह होतं आणि त्याचे मालक एगॉनसाहेब. एका सकाळी तिथला आचारी पिऊन बर्फात आडवा झाला आणि वर तीस माणसं भुकेली बसली, तेव्हा या पोरीने मसूर शिजवला. पाहुण्यांनी बोटं चाटली. एगॉनसाहेबांनी आचाऱ्याला हाकललं आणि एल्सिराला चुलीपुढे उभं केलं, ती चौदा वर्षं. जेवण झालं की पाहुणे एगॉनसाहेबांचा हात हातात घेऊन सांगायचे, "काय जेवण केलंत!" साहेबही लाजून मान तुकवायचे. त्या विश्रामगृहाच्या भिंतीवर दोनशे तरी फोटो होते. एल्सिरा एकाही फोटोत नव्हती.

पुढे साहेब वारले, विश्रामगृह कंपनीने घेतलं, आणि एल्सिराने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं टाकली. दारावर पाटी नाही. आत आल्यावर काय हवं ते विचारायची पद्धत नाही. सोमवारी मसूर, मंगळवारी शेवया घातलेला घेवडा, गुरुवारी कासुएला, म्हणजे कोकराच्या मांसाचा पातळ रस्सा. त्यात अख्खा बटाटा, लाल भोपळ्याची फोड आणि मक्याच्या कणसाचा तुकडा. सोबत भोपळ्याच्या गरम पुऱ्या आणि धुरावलेल्या मिरचीची पूड. दारात बूट काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा कडक नियम. कंपनीचा इंजिनियर असो की गावचा पाद्री, सगळे मोज्यांवर. चुलीशेजारी टोपलीत तिने स्वतः विणलेले लोकरी मोजे असायचे, ज्याचे भिजले असतील त्याला मिळायचे.

"उलिसेस, तुझ्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतोय. बायको सोडून गेली की सुई हरवली?"

"मावशी, सुई बायकोच घेऊन गेली."

"शहाणी आहे. मी असते तर तुझी पँटही नेली असती."

उलिसेस बर्फ दाबायचं यंत्र चालवतो. बाल्तासार नवख्यांना स्की शिकवतो. आम्ही तिघं आणि आमच्यासारखे आणखी वीसेक जण रोज दुपारी तिच्याकडे. ती शिव्या घालायची आणि वाढायची. आईने केलं नसेल इतकं त्या बाईने आमचं केलं.

मग कंपनीने वर डोंगरावरच कामगारांसाठी कॅन्टीन काढलं. फुकट. भात गिचका, मांस चिवट, पण फुकट. एका आठवड्यात वीसचे तीन झाले, तेही फक्त गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीला. गरज सरो, वैद्य मरो. तिने मोठं पातेलं फडताळावर ठेवलं आणि लहान पातेलं काढलं. आम्हाला ते दिसलं. आम्ही म्हणालो, "बरं झालं मावशी, तुझा त्रास वाचला."

ती काही मागणारी बाई नव्हती. त्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागताना, बर्फाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. चुलीकडे तोंड करून, पाठमोरी बोलली.

"कंपनीची एक पोरगी कुठे जेवावं याची यादी करतेय म्हणे. फळ्यावर लावणार, प्रत्येक तिकिटाबरोबर कागद देणार. इथल्याच लोकांना विचारणार, तुम्ही कुठे जेवता. तुम्हाला विचारलं तर माझं नाव सांगा."

"पाटी लाव की मावशी, मोठी, रंगीत!" बाल्तासार म्हणाला.

"आपलं नाव आपणच भिंतीवर लिहायचं? लोकांनी घेतलं तर ते नाव." मग म्हणाली, "या हंगामात गिऱ्हाईक आलं नाही तर मला हे बंद करावं लागेल रे. आणि एकदा आपलं नाव लिहिलेलं बघायचंय. बास."

"सांगणार म्हणजे काय, ओरडून सांगणार!" आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो. तोंडात तिचीच पुरी होती.

आता आमची रीत सांगतो. अशा जागेला आम्ही पिकादा म्हणतो. पिकादा म्हणजे ज्याला माहीत त्यालाच माहीत. परक्याला सांगितली की ती गेलीच म्हणून समजा: वाडग्यातलं मांस घटतं, बाईचं लक्ष उडतं, आणि आपली बसायची जागा कुठल्यातरी पाहुण्याच्या बुडाखाली जाते. म्हणून माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही आपली पिकादा सांगत नाही. जो सांगतो तो तोंडाचा फाटका. ही रीत आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो, आणि वर त्यालाच प्रेम म्हणतो.

जुलैतला गुरुवार. बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही तिघं वाडग्यात तोंड खुपसून बसलेलो, एल्सिरा मागे लाकडं आणायला गेलेली. दारावर टकटक झाली. दाराजवळ मी होतो, मी उघडलं. एक तरुण मुलगी, नाक लाल झालेलं, हातात वही, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, त्यावर नाव: मायते. मी पुढे झालो, मोज्यांनिशीच पायरीवर उतरलो आणि मागे दार ओढून घेतलं.

"इथे जेवण मिळतं ना? वास काय सुंदर येतोय!"

"वास येणारच. घर आहे."

"मला कोणीतरी सांगितलं, इथे एल्सिरा नावाच्या बाई खानावळ चालवतात."

"चालवायच्या. म्हातारी आता रांधत नाही. वय झालं."

"म्हणजे यादीत घालू नको?"

"लोक येऊन उगाच दार ठोठावतील. कशाला तिला त्रास?"

तिने वहीतल्या एका ओळीवर काट मारली. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे नाव आधीच लिहिलेलं होतं. कोणी सांगितलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. जो कोणी असेल तो माझ्याहून बरा माणूस. मला तर नाव सांगायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं? खोटं कशाला बोलू, चुलीजवळची माझी जागा होती. तिथे एखादी ब्राझीलची बाई फोटो काढत बसलेली मला दिसली, आणि जीभ आपोआप चालली.

मी आत आलो तर उलिसेसने डोळा मारला. "वाचवलीस लेका पिकादा." बाल्तासारने माझ्या वाडग्यात आपल्यातला भोपळा टाकला. बक्षीस.

एल्सिरा लाकडं घेऊन आली. "कोण आलं होतं?"

"कोणी नाही. वाट चुकलेली पोरगी."

"मग आत बोलवायचीस की, दोन घास खाऊन गेली असती." तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "अरे गाढवा, मोजे ओलेचिंब! मरायचंय का थंडीने?" तिने टोपलीतून एक जोड काढला, चुलीवर धरून गरम केला आणि माझ्याकडे फेकला. मी तो घातला. त्या उबेत मी दुसरं वाडगंही संपवलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला फळा लागला. दुसऱ्याच दिवशी ती डोंगरावर आली. कित्येक वर्षांत वर आली नव्हती. अंगात ठेवणीतला तपकिरी कोट, केस नीट बांधलेले. मी लिफ्टवरून पाहत होतो. ती फळ्यापुढे उभी राहिली आणि बोटाने एकेक नाव वाचत खाली गेली, मग पुन्हा वरून. मग तिकीटघराच्या खिडकीशी. खिडकीत मायतेच होती. दोघी बराच वेळ बोलल्या. मला पळून जावंसं वाटत होतं, पण लिफ्ट सोडून जाता येत नाही.

ती स्कीवाल्यांच्या रांगेतून, त्यांच्या काठ्या बाजूला सारत, माझ्यापर्यंत आली.

"दाढीवाला माणूस. निळं जाकीट. पायात नुसते मोजे," ती म्हणाली. "म्हणाला, म्हातारी आता रांधत नाही."

"मावशी, जरा बाजूला हो, खुर्ची लागेल."

"लागू दे."

"आम्हाला वाटलं, गर्दी झाली तर तुझेच हाल होतील."

"एगॉनसाहेबाकडे मी एकटीने नव्वद माणसांचं रांधलंय. गर्दीला मी कधी भ्यायले रे? तू भ्यायलास."

मागे रांग तुंबली होती. कोणीतरी ओरडलं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मी स्वतः जाऊन नाव घालतो मावशी. शपथ."

"पुढचं वर्ष," ती म्हणाली. "पातेल्यात काय, पुढचं वर्ष शिजत घालू?"

 तिने कोटाचं वरचं बटण लावलं. जाताना म्हणाली, "गुरुवारी या तिघंही."

मला वाटलं, झालं, राग गेला. मनात म्हटलं, मावशी ती मावशीच. मूर्खाला मूर्ख म्हणायला दुसरा शब्द नाही.

गुरुवारी आम्ही गेलो. वास रस्त्यापर्यंत येत होता. बूट काढले, आपापल्या जागी बसलो. उलिसेसने सवयीने बाही वर सारली. टेबलावर एकच वाडगं होतं, काठोकाठ भरलेलं. एल्सिरा आली, टेबलाच्या टोकाला बसली आणि जेवू लागली. इतक्या वर्षांत तिला बसून जेवताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी उभ्याने, आम्ही उठल्यावर, पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं खायची.

"मावशी," बाल्तासार हसत म्हणाला, "आमचं कुठाय?"

"म्हातारी आता रांधत नाही. हे माझ्यापुरतं आहे."

"थट्टा पुरे ना. पोटात कावळे ओरडतायत."

तिने वर पाहिलंही नाही. चमच्याने बटाटा फोडला, फुंकर घातली, खाल्ला. मग कणीस हातात धरून दाणा दाणा खाल्लं. आम्ही तिघं रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसलेलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. चुलीवर पातेलं नव्हतं. मागच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली दिसत होती, सर्वात वरच्या खोक्यातून मोठ्या पातेल्याचा कान बाहेर आला होता. मला म्हणायचं होतं, मावशी, चुकलो. म्हटलं नाही, कारण खरं सांगतो, मला तेव्हाही भूक लागली होती आणि डोळे तिच्या वाडग्यावर होते.

"जाताना दार ओढून घ्या," ती म्हणाली. "थंडी आत येते."

आम्ही बूट चढवले. बाहेर कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. शेवटी उलिसेसने घड्याळ पाहिलं.

"कॅन्टीन दोनला बंद होतं," तो म्हणाला. "चला लवकर."

आणि आम्ही तिघंही धावत सुटलो.