रेडिओवर न वाचलेलं नाव

रेक्याविकमध्ये डोळे मिटून दगड मारला तरी तो एखाद्या लेखकालाच लागतो, असं आम्हीच आमच्याबद्दल म्हणतो. नाताळच्या आधी पुस्तकांचा नुसता पूर येतो आणि घरोघरी कुणाचा तरी मेहुणा, कुणाची तरी शेजारीण छापून आलेली असते. त्यामुळे पोहण्याच्या तलावावर तिकिटं देणाऱ्या योरुनची कादंबरी निघाली तेव्हा कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, "मग, आता आम्हाला फुकट सोडणार का बाई?"

योरुन पन्नाशीची, अबोल, पूर्वेकडच्या एका मच्छीमार गावातली. तिच्या कादंबरीत एकीचा भाऊ समुद्रात बुडतो. तिचा स्वतःचा भाऊ ओर्री असाच गेला होता, ती विशीत असताना. बोटीवर चौघे होते, तिघांची प्रेतं सापडली. शहरात हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण तिची आई, गुद्नी.

आमच्याकडे दुपारी रेडिओवर गेलेल्या माणसांची नावं वाचतात. नाव वाचलं की माणूस खरा गेला. मग शेजारपाजार केक घेऊन दारात येतो. बाकीच्या तिघांची नावं वाचली गेली. गुद्नीनं ओर्रीचं देऊ दिलं नाही. "रेडिओवर येत नाही तोवर तो बोटीवर आहे," म्हणाली, आणि समजवायला आलेल्या पाद्रीबाबांना तिनं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. तेव्हापासून ती रोज दुपारी रेडिओपाशी बसते, शेवटच्या नावापर्यंत ऐकते, "आजही नाही," म्हणते आणि बटाटे उकडायला टाकते. दाराला कडी म्हणून घालत नाही. त्याचे लोकरीचे हातमोजे हीटरवर ऊब धरून असतात.

लेकीचं पुस्तक हातात आलं तेव्हा तिनं ते उघडलंही नाही.

"त्याचं नाव नाही ना यात?"

"नाही, आई."

"तोंडानंही कुठे घेऊ नकोस. मला शब्द दे."

योरुननं शब्द दिला.

मग ग्रेतारचं परीक्षण आलं. हा ग्रेतार वर्तमानपत्रात पुस्तकांची चिरफाड करतो आणि रोज सकाळी योरुनच्याच तलावावर पोहायला येतो. एवढ्याशा शहरात तोंड लपवायची सोय कुठे! त्यानं कादंबरीला दोन तारे दिले होते आणि शेवटी लिहिलं होतं, 'बुडालेला भाऊ कागदी आहे. लेखिकेनं आपलं माणूस समुद्राला दिलेलं नसावं.'

ते वाक्य योरुनच्या मानगुटीवरच बसलं. तलावावर ओली पावलं उमटायचीच, पण आता त्यांच्यात तिला बुटांचे ठसे दिसू लागले. दारापासून तिच्या खिडकीपर्यंत यायचे, परत जायचे नाहीत. ती पुसायची, तर फडक्याला समुद्राचा वास यायचा. तिला भीती वाटे आणि भीतीपेक्षा जास्त लाज. आपल्याला कागदी म्हटलं आणि बहीण गप्प राहिली, हेच विचारायला ओर्री येत असणार.

"रेडिओवर बोलावलंय ना तुला?" ग्रेतारनं एका सकाळी केस पुसत विचारलं. "मुलाखत घेणारी ब्रिन्या माझं वाक्य वाचून दाखवणार, ती तशीच आहे. भांडू नकोस. म्हण, मला लिहायचं ते मी लिहिलं, आता वाचक बघतील. आणि मग गप्प बस. समोरची गप्प बसली तरी आपण बोलायचं नाही. माणसं तिथेच फसतात."

"चावायचं पण तूच आणि औषध पण तूच सांगायचं?"

"औषध फुकट आहे गं, घे."

सल्ला सोळा आणे खरा होता. ब्रिन्यानं दुपारच्या बातम्यांच्या तोंडावर, चालू कार्यक्रमात ते वाक्य वाचलं.

"मला लिहायचं ते मी लिहिलं," योरुन म्हणाली, "आता वाचक बघतील."

"पण तू कधी कुणाला असं गमावलंयस का?" ब्रिन्यानं विचारलं आणि ती गप्प बसली.

योरुनही गप्प बसली. बंद खोलीत समुद्राचा वास आला. तिनं खाली पाहिलं. टेबलाखालचा गालिचा तिच्या पायांशी ओला होत चालला होता.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "ओर्री. बोट फुटली तेव्हा तो बुडाला. तो गेला."

ब्रिन्यानं हळू आवाजात आभार मानले. मग हवामान झालं, आणि लगेच गेलेल्यांची नावं सुरू झाली. आई ऐकत होती. आई रोज ऐकते.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर गुद्नीनं उचलला.

"ऐकलं मी."

"आई, चुकलं माझं. मी शब्द मोडला."

"नाव नीट घेतलंस. घाई केली नाहीस." आईचा आवाज अगदी रोजचा होता. "हातमोजे कपाटात ठेवले. दाराला कडी घातली. किती गारठा यायचा गं त्या दारातून, इतकी वर्षं जाणवलाच नव्हता."

योरुन रस्त्यातच रडायला लागली.

"रडू नकोस, आधी ऐक," आई आता कुजबुजत होती. "कडी घातल्यापासून कुणीतरी दार वाजवतंय. केक घेऊन शेजारीण असेल म्हणून खिडकीतून पाहिलं, तर शेजारीण नाही."

"मग कोण आहे?"

"तूच सांग. तो गेला, असं तूच म्हणालीस ना? उघडू का?"

तिकडे आई फोन धरून वाट पाहत राहिली, आणि फोनमधून दार वाजल्याचा आवाज येत राहिला.