धुक्यातली हजेरी

देव माझ्याशी बोलत नाही, अशी एके काळी माझी पक्की समजूत झाली होती, आणि पाळकाची मुलगी असल्यामुळे हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. माझे वडील नगरकडच्या एका गावी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. देव आपल्याशी कसा बोलतो, हे त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणीच शिकवले होते. शास्त्र वाचताना एखादे वचन आपल्याच नावाने आलेल्या पत्रासारखे वाटते, प्रार्थनेनंतर थोडे गप्प बसले की मनातले काही आपोआप उलगडते. आणि कधी कधी, वडील म्हणत, ज्याला काही पत्ताही नसतो अशा माणसाच्या तोंडून तो निरोप धाडतो. मंदिरात सेवा करणाऱ्या लहान मुलाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. देव त्याला हाक मारतो आणि ते पोर बिचारे प्रत्येक वेळी म्हाताऱ्या याजकाकडे धावते, "मला बोलावलंत का?" ती गोष्ट ऐकताना मला त्या मुलाचा हेवा वाटे. मला कुणी एकदाही हाक मारली नव्हती.

लग्नानंतर मी महाडला आले. माझे यजमान तिथे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचे पहिले मूल सातव्या महिन्यात जन्मले आणि दोन दिवसांत गेले. त्या दोन दिवसांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात कधी केली नव्हती. उत्तर आले नाही. निदान मला तरी ऐकू आले नाही. पुढे सलोमी झाली, तिला आम्ही सलू म्हणू लागलो, घरात हसणे परत आले, पण माझ्या मनातला तो दरवाजा बंदच राहिला. रोज पवित्र शास्त्र उघडायची, गुडघे टेकायची, आमेन म्हणायची आणि उठायची. पलीकडे कुणी नाही, हे जणू ठरूनच गेले होते.

रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी शिक्षिका होते. सलू दीड वर्षाची असताना माझी बदली पोलादपूरकडे, कापड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या शाळेत झाली. एका खोलीची शाळा, चार इयत्ता आणि एकटी मी. यजमान शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. वाडीतली बरीच पुरुषमंडळी मुंबईला, त्यामुळे शेती बायकाच रेटत. माणसे साधी होती, ताकाचा तांब्या न मागता दारात ठेवून जात. मीच जरा ताठ्यात असे. कुणाकडे काही मागायचे नाही, कुणाला हाक मारायची नाही. शिवाय माझे मराठी शुद्ध, आणि त्याचा मला नको तेवढा अभिमान.

सगळ्यात जास्त डोके फिरायचे ते हजेरीच्या वेळी. नाव पुकारले की मुलांनी "हजर" म्हणावे, निदान "आहे बाई" तरी. पण ही पोरे एकजात ओरडत, "हाय!" मी पट्टी आपटायची, पुन्हा म्हणायला लावायची. चंद्री नावाची एक मुलगी तर हटवादी होती. तीन दिवस समजावूनही तिने "हाय" सोडले नाही, तेव्हा मी तिला दुपारपर्यंत कोपऱ्यात उभी केली. चौथ्या दिवशी ती "हजर" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

त्या आषाढात सलूला ताप आला. पहिल्या दिवशी मी घरचेच काही दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकू लागली, बरगड्यांखालचे पोट श्वासागणिक आत ओढले जाई. पहिल्या बाळाचा श्वास शेवटी असाच चालला होता. डॉक्टर होते पोलादपूरला. वाडीतली माणसे लावणीला गेलेली, आणि कुणाला शोधत बसण्यापेक्षा मी एकटीच जाईन, असे मी ठरवले. वाट माझ्या पायाखालची होती. सलूला पदराने छातीशी बांधले, डोक्यावरून पाठीवर बांबूचे इरले घेतले आणि निघाले.

टेकाडापर्यंत ठीक होते. तिथे धुके असे उतरले की पुढे धरलेला हात दिसेना. पायवाटेवरून पाण्याचे लोट वाहत होते, वाट कोणती आणि ओहोळ कोणता तेच कळेना. मी अंदाजाने चालत राहिले. थोड्या वेळाने पायाखाली नुसता कातळ लागला, तेव्हा समजले की मी चुकले आहे. मागे फिरले तर मागेही तसेच पांढरे. सलू रडायची थांबली होती, आणि तिचे रडणे थांबले याचीच मला जास्त भीती वाटली. त्या क्षणी माझा ताठा, माझी शुद्ध प्रार्थना, सगळे कुठल्या कुठे गेले. मी गुडघे टेकले नाहीत की हात जोडले नाहीत. तोंड वर करून जीव खाऊन ओरडले, "आहेस का? आहेस का रे तू?"

आणि धुक्यातून उत्तर आले, "हाय!"

आवाज डावीकडून, खालून आला होता. मी पुन्हा ओरडले, "आहेस का?" पुन्हा तोच आवाज, थोडा वैतागलेला, "हाय गो, हाय!" मी त्या दिशेला वळले. चार पावले टाकायची, विचारायचे, उत्तर ऐकायचे, पुन्हा चार पावले. असे किती वेळा विचारले कोण जाणे. प्रत्येक वेळी उत्तर आले. शेवटी धुक्यात एक इरले दिसले आणि त्याखाली चिखलाने माखलेली, हातात नाचणीच्या रोपांची जुडी धरलेली ठकूबाई. चंद्रीची आई.

"अगो बाई! मास्तरीनबाई, तुमी? वरनं कुठनं आलात?" माझ्या पाठीमागे बघत ती म्हणाली, "तिकडं तर कडा हाय! आनखी धा पावलं गेला असतात तर..." तिने सलूच्या पोटाला हात लावला, रोपे तिथेच टाकली आणि पोर माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतली. "चला. माज्या मागनं पाय टाका." ती पुढे आणि मी मागे, तशा आम्ही कापड्याला उतरलो आणि तिथून पोलादपूर गाठले. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले. कशेडी घाटात दरड कोसळल्यामुळे काही ट्रक महाडकडे परत फिरत होते, त्यातल्या एका ड्रायव्हरने यजमानांना निरोप पोचवला. संध्याकाळी ते आले तेव्हा सलूचा श्वास संथ झाला होता आणि ती ठकूबाईच्या मांडीवर झोपली होती.

दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी ठकूबाईला विचारले, "माझी हाक तुम्हाला कशी ऐकू आली हो?"

"तुमची? नाय बा." ती चकितच झाली. "धुक्यात आमी एकमेकींना इचारत असतो. हाय का गो? हाय. उतारावर कोन घसरली तर कळाय नको? माजी जाव वरल्या अंगाला व्हती. ती सारकी हाय का, हाय का इचारीत व्हती, मी तिला जाब देत व्हते."

चार दिवसांनी वाडीवर परतल्यावर मी तिच्या जावेला मुद्दाम भेटले. ती म्हणाली, "मी? मी तर दिस वर यायच्या आदीच घरी आले व्हते. पायात काटा गेलता माज्या."

म्हणजे हाक माझीच होती. माझे शुद्ध "आहेस का" धुक्यातून जाता जाता "हाय का" झाले होते. वडिलांच्या गोष्टीतल्या मुलाला देवाची हाक माणसाची वाटली होती. इथे मी देवाला मारलेली हाक एका बाईला आपल्या जावेची वाटली, आणि तिने जीव लावून उत्तर दिले. यात चमत्कार कुठला, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. मला एवढेच माहीत आहे की शास्त्रात जळत्या झुडपापुढे उभ्या असलेल्या मेंढपाळाने देवाला नाव विचारले, तेव्हा देवाने "मी आहे" एवढेच सांगितले होते. तेच उत्तर मला मिळाले. आणि ज्या शब्दासाठी मी एका लेकराला कोपऱ्यात उभे केले होते, नेमका तोच शब्द त्याने निवडला. मी त्या रात्री लाजेने रडले, आणि आनंदानेही. पहिल्या बाळाच्या वेळी तो का गप्प राहिला, हे मला आजही कळलेले नाही. पण तो तिथे नव्हता, असे मी त्या दिवसानंतर कधी म्हटले नाही.

शाळा भरली तेव्हा मी चंद्रीचे नाव पुकारले. ती उभी राहून म्हणाली, "हजर, बाई." मी म्हटले, "चंद्रे, माझं चुकलं. घरी म्हणतेस तसं म्हण." तिला आधी खरेच वाटेना. मग तिने असे काही दणक्यात "हाय!" म्हटले की सगळा वर्ग हसला आणि मला पदर डोळ्यांना लावावा लागला. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "साहेब, मुलं जागेवर आहेत, ते आधी बघा."

आता मी म्हातारी झाले. सलूला नातवंडे आहेत. देवा, तू आहेस का, असे मी आता विचारत नाही. उलट रोज सकाळी तोच माझे नाव पुकारतो, असे मला वाटते. नुसते जागेवर असायचे, एवढेच आता माझ्याकडून होते. प्रार्थना संपली की सगळ्यांबरोबर मी आमेन म्हणते. मग घरातली माणसे उठून गेली की डोळे मिटूनच हळूच म्हणते, "हाय."