गोठलेली लस

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. एवढी वर्षं नर्स म्हणून काढली, निवृत्तीला शाल-श्रीफळ घेतलं, भाषणात कोणी तरी मला 'पाड्यांची आई' म्हणालं — तेव्हाही नुसते हात जोडले. आज तुम्हाला सांगते. कसं सांगावं ते अजून नीट कळत नाही.

मुरबाड तालुक्यात, डोंगराखालच्या एका उपकेंद्रात मी होते. नव्वदनंतरची ती वर्षं. महिन्यातून एकदा लसींचा डबा खांद्याला लावून वर पाड्यावर चढायचं, गरोदर बायकांना धनुर्वाताची लस द्यायची. ही लस म्हणजे काय? धनुर्वाताचा जंतू जे विष सोडतो, तेच विष — निकामी केलेलं. ते आईच्या दंडात गेलं की तिचं शरीर त्या विषाशी लढायला शिकतं, आणि ते बळ पोटातल्या बाळालाही मिळतं. हे मी बायकांना सोपं करून सांगायचे. छान सांगते, असं सगळे म्हणत.

बुधी तेव्हा एकोणीसेक वर्षांची, पहिलटकरीण. तिची सासू चांगीबाय ही पाड्यावरची सुईण. बुधीने पहिला डोस घेतला होता, पण एका डोसने भागत नाही. दुसऱ्याच्या आधी मी सगळ्यांना फैलावर घेतलं होतं — वेळेवर येत नाही, तुम्हाला पोटातल्या पोरांची काळजी नाही. म्हणून त्या दिवशी लाकडाच्या मोळ्या टाकून सहा जणी माझी वाट बघत बसल्या होत्या.

मी डबा उघडला. बर्फाचे पॅक मी घाईत फ्रीझरमधून काढून, थोडे वितळू न देता तसेच भरले होते. बाटल्या त्यांना चिकटून गोठल्या होत्या.

ही लस गोठली की टाकून द्यायची असते. वितळली तरी तिच्यात जोर उरत नाही. मला हे ठाऊक नव्हतं? — होतं. पण मग त्या सहा जणींना काय सांगायचं? महिन्यापूर्वी ज्यांना झापलं, त्यांना — की आज चूक माझी झाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा या? एवढंच तर म्हणायचं होतं. मी बाटली मुठीत धरली. वितळली. हलवली, तर तळाशी पांढरे कण बसले. तरीही सिरिंजमध्ये भरली आणि एकेकीला टोचली.

"दुखलं नाय," बुधी म्हणाली, आणि हसली.

दोन महिन्यांनी तिला मुलगा झाला. घरीच. सातव्या दिवशी त्याने दूध ओढणं सोडलं. मी चढून गेले तर जबडा घट्ट मिटलेला, नुसता दारातून उजेड आला तरी इवलंसं अंग कमानीसारखं ताणलं जायचं. पाहताक्षणी कळलं. जीपने मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. तिथे विष मारणारं इंजेक्शन दिलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, जे विष नसांत शिरलं ते आता निघत नाही, इंजेक्शन फक्त बाहेर उरलेलं धरतं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. त्याचं नावही ठेवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल — चूक झाली, घाबरली असेल बिचारी. थांबा. जे सांगायला बसले ते पुढे आहे.

बाळाला पुरून सगळे अंगणात बसले होते. बुधीच्या नवऱ्याने विचारलं, "बाय, सुई तर घेतली व्हती. मंग असा कसा झाला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — मी चांगीबायकडे बघितलं. म्हणाले, "नाळ कशाने कापलीस? विळ्यानेच ना?"

"नाय, बाय. तुमीच दिलेला ब्लेड. पान्यात उकळून घेतला. दोराबी उकळला."

तिने आत जाऊन ब्लेडचा कागदही आणून दाखवला. ती खरं बोलत होती. जंतू जमिनीतून आला असेल, एखाद्या फडक्यातून आला असेल — तो कुठूनही येतो, म्हणून तर लस असते. मी कागद हातात घेतला, आणि आईच्या वयाच्या त्या बाईला सगळ्यांदेखत म्हणाले, "खोटं बोलू नकोस. विळा लावल्याशिवाय असं होत नाही."

मी शिकलेली. माझा शब्द खरा ठरला. त्यानंतर चांगीबायला कोणी बाळंतपणाला बोलावलं नाही. त्या दिवशीच्या बाकी पाच जणींपैकी ज्या अजून बाळंत व्हायच्या होत्या, त्यांना मी जादा डोस म्हणून गुपचूप नवी लस टोचली. एवढी हुशारी मात्र मला सुचली.

काही वर्षांनी माझी बदली शहापूरकडे झाली. बुधीचा नवरा आसनगावला एका गोदामावर राखणदार लागला होता. मधे तिला एक मुलगी झाली होती; पुन्हा दिवस गेले तेव्हा ती माझ्याकडे आली, मला बघून खूश झाली. लसीची वाट बघत बसल्या बसल्या म्हणाली, "सासू गेली औंदा. मरंपर्यंत मी तिच्याशी बोलली नाय. पानी मागायची तर पोरीच्या हातून द्यायची. शेवटाला बी म्हनत व्हती, मी विळा नाय लावला गो. मी तोंड फिरवला."

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. सांगता आलं असतं ना?

मी म्हणाले, "बाही वर कर."

जाताना बुधी वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.