झालेल्या मॅचची दुआ

अंबडच्या कोर्टासमोर वकिलांचे काळे कोट शिवणारा फकरोद्दीन टेलर एसटीच्या पायरीवरून घसरला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन खाटेवर पडला. उभ्या जन्मात एक दिवस स्वस्थ न बसलेला माणूस. आता कूस बदलायलाही बायको लागायची आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटायची. खाटेवरून दिसायचं काय, तर छताचे पत्रे, दार आणि टेबलावरचा काळा-पांढरा टीव्ही.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. आजाऱ्याला भेटायला जायचं, मोसंबी न्यायची आणि वाईट बातमी मात्र तोंडातून काढायची नाही, ही गावाची रीत. या रीतीपायी फकरोद्दीनची लाडकी शेळी मेली तरी कित्येक दिवस त्याला पत्ता नव्हता. तिचा आवाज का येत नाही म्हणून विचारलं की शेजारचा कारभारी जमिनीकडे बघत सांगायचा, "चरायला गेली नं, भाऊ. गवत लई झालंय औंदा." शेवटी फकरोद्दीनच वैतागला, "आरे, रात्रीबी चरून राह्यली का ती?" तेव्हा कुठं खरं बाहेर आलं.

या सगळ्यात त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, ऑलिंपिकमधल्या हॉकीत. लहानपणी बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन तो आणि त्याचा दोस्त पाशामियाँ ईदगाहच्या मैदानात अंधार पडेपर्यंत खेळायचे. पुढं जन्मभर हॉकी रेडिओवर ऐकली, भारताला खेळताना डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. आता घरात टीव्ही होता, पाय मोडल्यामुळं वेळच वेळ होता आणि सेमीफायनल गाठायची तर उद्याची मॅच जिंकायलाच हवी होती.

पण टीव्हीवाल्यांचं सगळं वरातीमागून घोडं. मॅच परदेशात, आपल्याकडं सकाळ आहे तोवरच संपणार आणि हे दाखवणार संध्याकाळी. शिळी भाकर वाढायची आणि वर म्हणायचं, ताजी आहे, खा! तिथं बसलेल्या साहेबलोकांना एकदा या खाटेवर आणून झोपवावं, असं फकरोद्दीनला फार वाटायचं.

"हो गए सो मॅच को दुआ कैसी लगती?" तो बायकोला, रहिमुन्निसाला म्हणाला. "मालूम नक्को पडना. मालूम नहीं रहा तो दिल से मांग सकता."

रहिमुन्निसाला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवरा तिला पुरता कळत होता. तिनं रेडिओ गोधडीत गुंडाळून पेटीत टाकला.

"लोगां आए तो सो गए बोलके बोलूँ क्या?"

"मिलने को आए सो आदमी को दरवाजे से लौटाते क्या?" तो म्हणाला. आणि निकाल सांगू नका, असं आधीच बजावण्याचीही सोय नव्हती. कारभारी म्हणजे गावाचा भोंगा. त्याला 'सांगू नको' म्हटलं की त्यानं सांगितलंच समजा.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा फकरोद्दीनचा जीव खालीवर व्हायला लागला. मॅच संपली असणार. वाटेवर कुणाचं पाऊल वाजलं की तो दोन्ही कानांत बोटं घालायचा. कारभारी जिंकल्याची आरोळी ठोकतच येणार, या भीतीनं त्यानं डोक्यावरून चादरही ओढली.

कारभारी आला. आरोळी नाही, काही नाही. गुपचूप स्टुलावर बसून मोसंबी सोलायला लागला. बऱ्याच वेळानं फकरोद्दीननं कानातली बोटं काढली.

"पाय ठणकून राह्यला का, भाऊ?"

"न्हाई, बरा हाय."

"मंग झालं तर. कापूस बरा हाये औंदा."

मागोमाग पाशामियाँ आला. सारी उमर हॉकीच्या नावानं काढलेला माणूस, पण तोही मिरचीच्या भावावर बोलत बसला. फकरोद्दीन मनातून खूश झाला. अल्लाची मेहरबानी, आज सगळ्यांनाच शहाणपण सुचलं! फोड घ्यायला त्यानं हात पुढं केला. कारभारीनं फोड दिली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. तो जमिनीकडं बघत होता. शेळी चरायला गेली, असं सांगताना बघत होता तसाच.

म्हणजे आपले हरले, फकरोद्दीन समजला. आता भांडायचं तरी कुणाशी? कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्याला उठून कुठंतरी दूर निघून जावंसं वाटलं, आणि पाय होता प्लास्टरमध्ये. फोड हातात धरून तो पत्र्यांकडं बघत पडून राहिला.

संध्याकाळी रहिमुन्निसानं चूल लवकर उरकली. टीव्ही लावला, डोक्यावर पदर घेतला आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. बंद कर तो डबा, हे शब्द फकरोद्दीनच्या ओठांपर्यंत आले होते. पण दिवसभर ती त्याच्या मॅचसाठी चुलीपुढं दुआ पुटपुटत होती, हे त्यानं पडल्यापडल्या ऐकलं होतं.

"अपने कौनसे?"

"वो, फीके कपडेवाले."

खेळ सुरू झाला. तिनं लगेच दोन्ही हात पसरले. मग काहीतरी आठवून वळली.

"तुम भी मांगो ना. जीतते ना अपने?"

फकरोद्दीननं जमिनीकडं पाहिलं.

"अब्बी तो शुरू हुआ," तो म्हणाला आणि त्यानंही हात पसरले.