आमच्या संडासाचा बाजारवार

चौथीच्या लेकरांना सामाजिक उद्योजकता शिकवणारा ताडकळसमधला मी पहिला शिक्षक, आणि माझं चाललं तर शेवटचा.

त्याचं प्रशिक्षण जिल्ह्याला झालं होतं. (पहिला दिवस नाश्त्यात गेला, दुसरा फोटोत.) त्या शिदोरीवर मी वर्गात सांगितलं, "गावातली एक अडचण शोधा. आपल्याकडं आहे त्यातूनच ती सोडवा. मोबदला घ्या, पण लोकांना झेपेल असा." लेकरं चिंचा विकतील आणि मी फोटो काढून वर पाठवीन, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

माझी लेक सुजाता त्याच वर्गात. ती उठली. "सर," (शाळेत मी सर!) "बाजाराला येणाऱ्या बायांना संडास न्हाई. पंचायतीच्या संडासाला कुलूप हाय."

"का बरं?"

"आत सरपंचाचा कडबा हाय."

विषय नाजूक होता. मी शाब्बास म्हणून तास संपवला.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिरची भजी खाल्ली, जरा जास्तच. पाचव्या भज्याला पोटानं हाक दिली. कुणाच्या रामरामाला उत्तर न देता घर गाठलं, तर अंगणात बायांची रांग! प्रत्येकीच्या हातात भरलेली बकेट. संडासाच्या दारावर खडूनं लिहिलेलं: 'फक्त बायांसाठी. मोबदला एक बकेट पाणी.' आणि दारापाशी माझ्याच खुर्चीत सुजाता.

"सुजा, बाजूला हो."

"बाबा, हे बायांसाठी हाय."

"अगं, घर आपलं आहे!"

"म्हणूनच की. तुमीच म्हनलाव, आपल्याकडं हाय त्यातूनच सोडवायचं."

मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी काय करू? त्या मावशी सकाळपासून पोट धरून होत्या. तुमी आत्ता आलाव."

रांगेतल्या एका आजीला दया आली. "जाऊ द्या की त्येला पुढं, मास्तर हाय."

"मास्तर हाय म्हणून काय?" मागची म्हणाली. "आमी तर दर बाजाराला दाबून धरायलोय."

प्रशिक्षणात याचं उत्तर दिलेलं नव्हतं. मी डबडं उचललं आणि शाळेच्या भिंतीमागच्या बाभळीत पळालो. त्या भिंतीवर 'उघड्यावर बसू नका' असं मीच रंगवलंय, चांगल्या वळणदार अक्षरात.

टेकतो न टेकतो तोच दोन शेळ्या आल्या. त्यांच्यामागं माझ्या वर्गातला अरबाज. शिक्षक कुठंही दिसले तरी थांबून नमस्कार करायचा, हीही माझीच शिकवण. तो थांबला. दोन्ही हात जोडले.

"नमस्ते, सर."

मीही नमस्ते म्हणालो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "आता गावातली पुढची अडचण कोणती?" सगळ्यांचे हात वर गेले. एकटी सुजाता मान खाली घालून बसली होती. बापाची अब्रू राखतेय पोरगी, म्हणून मला भरून आलं. तेवढ्यात ती उठली.

"सर, आता गड्यांचं पण बघावं लागंल."

वर्गात कुणीच हसलं नाही. अडचण किती खरी आहे, ते अरबाजनं सगळ्यांना आधीच नीट समजावून सांगितलं होतं.